विडमार्क यांचा आकडा आणि गांजाचा प्रश्न

१९२२ सालच्या ऑगस्टमध्ये स्वीडनने दारूबंदीवर सार्वमत घेतले. बंदी नको म्हणणारे अगदी थोडक्यात जिंकले आणि दारू रेशनच्या पुस्तकावर मिळत राहिली. त्याच वर्षी लुंड विद्यापीठातले एरिक विडमार्क यांनी एका जर्मन नियतकालिकात रक्ताच्या थेंबातली दारू मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडाव्यात हा योगायोग. पण जी नशा कायद्याने चालते, ती करून गाडी चालवणाऱ्याचे काय, या प्रश्नाचे उत्तर पुढे याच पद्धतीतून निघाले.

विडमार्क यांचा जन्म १८८९चा. शिक्षणाने डॉक्टर, पण ओढा रसायनशास्त्राकडे. सुरुवातीचे काम रक्त, लघवी आणि श्वासातल्या ॲसिटोनवरचे, म्हणजे मधुमेहाच्या वाटेवरचे. शरीरात मिसळून उडून जाणारा पदार्थ मोजायची सवय तिथे लागली आणि तीच दारूसाठी कामी आली.

तोवर चालक प्यायला आहे का, हे डॉक्टर पाहून ठरवत. चाल, जीभ, बाहुल्या, तोंडाचा वास. आता मुरलेला पिणारा डॉक्टरसमोर सरळ रेषेत चालून दाखवतो आणि अपघाताने घाबरलेला निर्व्यसनी माणूस अडखळतो. न्यायालयात दोन डॉक्टरांची दोन मते होत. विडमार्क यांनी बोटाच्या टोकातून किंवा कानाच्या पाळीतून एका मोठ्या थेंबाइतके रक्त घेतले, ते बारीक काचनळीत भरून नाजूक तराजूवर तोलले आणि बंद कुपीत डायक्रोमेट व गंधकाम्लाच्या वर लटकवून ऊब दिली. रक्तातली दारू उडून द्रावणात उतरते आणि डायक्रोमेट खर्च करते. उरलेले किती ते मोजले, की दारू किती होती ते कळते. इतके कमी रक्त लागत असल्याने एकाच माणसाचे नमुने तासातासाला घेता आले, आणि माझ्या मते त्यांचा खरा शोध तिथे आहे.

कारण त्यातून दारू शरीरात कशी वागते ते दिसले. १९३२च्या त्यांच्या पुस्तकात २० पुरुष आणि १० स्त्रियांवरचे प्रयोग आहेत. दारू पाण्यात विरघळते, म्हणून ती शरीरातल्या पाण्याच्या प्रमाणात पसरते. पुरुषांमध्ये वजनाच्या साधारण ०.६८ पट, स्त्रियांमध्ये ०.५५ पट भागात. उतरतेही बऱ्यापैकी ठरलेल्या गतीने. ७० किलोच्या पुरुषाने ९० मिलिलिटर व्हिस्की, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम शुद्ध दारू घेतली, तर कागदावर रक्तात १०० मिलिलिटरला साधारण ६५ मिलिग्रॅम भरते आणि तासाला १५च्या आसपास उतरते. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ची मर्यादा ३० आहे. त्यामुळे दोन तास गप्पा मारून निघालो, आता काही नाही, म्हणणारा माणूस अजून मर्यादेबाहेरच असतो.

१९३६मध्ये नॉर्वेने रक्तातल्या आकड्यावर गुन्हा ठरवणारा कायदा केला, १९४१मध्ये स्वीडनने. १९४५मध्ये विडमार्क गेले. गांजातला नशा आणणारा मुख्य घटक टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळा व्हायला अजून एकोणीस वर्षे होती.

नंतर कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या मतदारांनी २०१२मध्ये, कॅनडाने २०१८मध्ये गांजा कायदेशीर केला, तेव्हा प्रत्येकाला विडमार्कसारखाच आकडा हवा होता. पण टीएचसी पाण्यात नव्हे, चरबीत विरघळते. धूर ओढल्यावर दहाएक मिनिटांत रक्तातले प्रमाण शिखर गाठते आणि ते मेंदूत व चरबीत शिरताच झपाट्याने कोसळते. नशा मात्र त्यानंतरही काही तास टिकते. रक्त घ्यायला दीड-दोन तास लागले, तर आकडा किरकोळ आणि माणूस अजून तरंगत, असे होऊ शकते. उलट रोज ओढणाऱ्याच्या चरबीतून टीएचसी झिरपत राहते, त्यामुळे कित्येक दिवस न ओढताही रक्तात सापडते. खाण्यातून घेतले तर नशा चढायलाच एक-दोन तास लागतात आणि रक्तातला आकडा फार वर जातच नाही. तेव्हा आकड्यावरून मागे हिशेब करून माणूस गाडी चालवताना कोणत्या अवस्थेत होता, हे सांगता येत नाही. दारूत ते जमते.

कायदे तरी झालेच. वॉशिंग्टनमध्ये मिलिलिटर रक्तात ५ नॅनोग्रॅम. कोलोरॅडोत आकडा तोच, पण चालकाला तो खोडून काढायची मुभा. कॅनडात २पासून दंड. नॉर्वेने २०१२मध्येच १.३ धरले होते, आणि तेही दारूच्या दर हजारी ०.२शी तुलना करून! रस्ते सारखेच, मेंदूही सारखेच, तरी आकडे इतके वेगळे. मोजपट्टी अजून सापडलेली नाही, हेच त्यातून दिसते. याचा अर्थ गांजा ओढून गाडी चालवणे निर्धोक आहे असा मुळीच नाही. प्रतिक्रिया मंदावते, वेळेचा अंदाज चुकतो, गाडी पट्टा सोडून डुलते, आणि जोडीला दारू असली तर बिघाड आणखी वाढतो.

आपल्याकडे गांजा आणि चरस १९८५च्या कायद्याने बंद आहेत. भांगेची निव्वळ पाने त्या व्याख्येत येत नाहीत. कलम १८५मध्ये दारूला आकडा आहे, अमली पदार्थांना नाही. गाडीवर नीट ताबा ठेवता येत नव्हता, एवढे दाखवावे लागते. त्यामुळे होळीच्या रात्री पोलीस एखाद्या चालकाला सरकारी रुग्णालयात आणतात, तेव्हा ड्यूटीवरचा डॉक्टर स्पिरिटचा बोळा बाजूला ठेवून साध्या पाण्याने कातडी पुसतो, फ्लोराइडच्या कुपीत रक्त घेतो. मग नाडी वेगात आहे का, डोळे लाल आहेत का, बोट नाकाला नीट लागते का, पाय कुठे पडतात, हे फॉर्मवर वेळेसकट लिहू लागतो. विडमार्क यांच्या आधीचे डॉक्टर हेच लिहीत असत. दारूच्या प्रकरणात प्रयोगशाळेचा आकडा येतो आणि हे निरीक्षण मागे पडते. भांगेच्या प्रकरणात पुराव्याचा भार त्याच अर्ध्या पानावर राहतो, आणि ते पान गर्दीच्या रात्री बहुधा घाईतच भरलेले असते.