वाळवंटातला खराटा

पंढरपूरची वारी आणि पटकी, म्हणजे कॉलरा, यांचे एकेकाळी घट्ट नाते होते. चंद्रभागेच्या वाळवंटात माणसांचा पूर लोटे. तिथेच शौच, तिथेच चूल आणि तेच पाणी तोंडी. जंतू पोटात गेल्यावर काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत केव्हाही जुलाब लागतात, त्यामुळे धडधाकट निघालेला वारकरी वाटेतल्या गावांना साथ देत घरी जाई. रॉबर्ट कॉखने 1884 मध्ये कोलकात्यात या जंतूवर संशोधन केले, तेव्हा डेबूजी झिंगराजी जानोरकर हा आठ वर्षांचा मुलगा वऱ्हाडात मामाची गुरे राखत होता.

23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात, परीट कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील दारूपायी गेले आणि आई त्याला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. शाळा नाही, शेतीत मात्र हात कसलेला. 1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडले. जवळ मातीचे गाडगे आणि हातात खराटा. लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

त्यांची पद्धत डॉक्टरांनी आणि आरोग्यसेवकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. गावात शिरले की कोणाला काही न सांगता झाडायला लागायचे. गटारे उपसायची. बघे जमत, मग त्यांतले काही जण झाडू हाती घेत. कीर्तन रात्री. त्यात श्रोत्यांनाच प्रश्न विचारून दारू, कर्ज, नवस-बळी आणि शिवाशीव यांवर बोलायचे. आधी हात, मग उपदेश. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य मोहिमा नेमक्या उलट क्रमाने चालतात.

पंढरपुरात ते देवळात जात नसत, वाळवंट झाडत. खराट्याने जंतू मरत नाहीत, हे खरे. पण विष्ठा पाण्यापर्यंत पोचली नाही तर साखळी तिथेच तुटते. साथ हटली ती लस आणि शुद्ध पाणी मिळाल्यामुळेही. मात्र घाण दिसली की आपण उचलायची, ही सवय कोणत्याही लशीतून येत नाही.

देणग्यांतून त्यांनी ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला, पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभारल्या आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही निवाऱ्याची सोय केली. स्वतःच्या घरच्यांना त्यातले काही दिले नाही. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीकाठी ते गेले.

त्यांच्या काळचा कचरा म्हणजे पत्रावळी, शेण, राख. पावसाळ्यात कुजून जाई. आजचा प्लास्टिकचा कचरा प्रवास करतो. चंद्रभागा म्हणजेच भीमा. ती कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. तिच्या मुखाजवळच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पाण्यात तरंगणारी पिशवी समुद्री कासवांना जेलीफिशसारखी वाटते. गिळली की आतडे तुंबते.

किनारा स्वच्छ करायचा तर काम डोंगरावरून सुरू होते. तोरणमाळलाही महाशिवरात्रीला गोरक्षनाथाची यात्रा भरते, यशवंत तलाव जवळच आहे. सातपुड्याच्या या भागातले पाणी नर्मदा-तापीतून अरबी समुद्राला मिळते. यात्रा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, पाऊस जूनमध्ये येतो. मधल्या तीन महिन्यांत उचलेल तेवढे उचलायचे, उरलेले पाण्याबरोबर खाली जाते.