मणक्यातील दुर्मीळ विकाराची पहिली नोंद करणारे डॉ. वॉल्टर डँडी

कमरेतून पायापर्यंत जाणारी कळ अनेकदा दोन मणक्यांमधील गादी सरकल्याने येते, हे आज सर्वसामान्यांनाही ठाऊक आहे. शंभर वर्षांपूर्वी मात्र वैद्यकशास्त्राला याची पुरेशी जाण नव्हती. ही उकल करणाऱ्यांमध्ये अमेरिकेचे विख्यात मेंदूशल्यविशारद डॉ. वॉल्टर डँडी यांचे स्थान अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म ६ एप्रिल १८८६ रोजी मिसूरी राज्यातील सिडेलिया येथे झाला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९१० मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली आणि तेथील रुग्णालय हीच त्यांची आयुष्यभराची कर्मभूमी ठरली. मेंदूच्या पोकळ्यांमध्ये हवा भरून क्ष-किरण छायाचित्र घेण्याची पद्धत त्यांनी १९१८ मध्ये मांडली आणि त्यांचे नाव जगभर झाले.

१९२९ मध्ये त्यांनी दोन रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. दोघांच्याही पायांतील शक्ती गेली होती आणि लक्षणे गाठीची वाटत होती. शस्त्रक्रियेत मात्र मणक्यांमधील गादीचे सुटलेले तुकडे सापडले. ते काढल्यावर दोघांनाही आराम पडला. अशा तुकड्यांना त्या काळी अनेक शल्यविशारद कूर्चेची गाठ समजत असत. डँडी यांनी त्यांचे मूळ ओळखले, पण त्यांच्या लेखाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढे १९३४ मध्ये बोस्टनच्या डॉ. मिक्स्टर आणि डॉ. बार यांचा लेख गाजला आणि श्रेयाचा मोठा वाटा त्यांच्याकडे गेला.

डँडी यांनी आपले काम थांबवले नाही. सरकलेली गादी सहसा मज्जातंतूंच्या जाड आवरणाबाहेरच राहते. ती हे आवरण भेदून आत शिरल्याची पहिली नोंद त्यांनी १९४२ मध्ये केली. हा प्रकार हजारात सुमारे तीन रुग्णांत आढळतो. गादीमागील अस्थिबंध आणि आवरण एकमेकांना चिकटलेले असणे, हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. अशा रुग्णांत पायांची शक्ती तसेच मलमूत्रावरील नियंत्रण जाण्याचा धोका अधिक असतो.

कण्यात रंगद्रव्य सोडून केलेल्या तपासणीला डँडी यांचा विरोध होता. रुग्णाची हकिकत आणि प्रत्यक्ष तपासणी यांवरच त्यांची भिस्त असे. आज एमआरआयमुळे निदान पुष्कळ सुकर झाले आहे. तरीही हा दुर्मीळ प्रकार एमआरआयमध्येही निसटू शकतो आणि अनेकदा शस्त्रक्रियेच्या वेळीच उघड होतो. शस्त्रक्रिया मुंबईत होवो, नागपुरात होवो वा छत्तीसगडमधील रायपूरला, अपेक्षित जागी तुकडा न सापडल्यास आवरणाच्या आत तो दडला आहे का, याचा विचार शल्यविशारदाला करावा लागतो. तो तुकडा तसाच राहिला, तर रुग्णाचे दुखणेही कायम राहते.

१९ एप्रिल १९४६ रोजी वयाच्या साठाव्या वर्षी डॉ. डँडी यांचे बाल्टिमोर येथे हृदयविकाराने निधन झाले.