लेडी लव्हलेस व त्यांचें कोष्टक

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या संगणकवर्गांत एक लहानसा प्रसंग घडला. इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें ग्रंथालयांतील पुस्तकांची नोंद ठेवणारा प्रोग्राम लिहिला होता. त्यांतील एका फील्डचें नांव त्यास आवडेना, म्हणून त्यानें तें बदललें. आणि तत्क्षणीं प्रोग्राम चालेनासा झाला. कारण उघड होतें. तें जुनें नांव आणखी पुष्कळ ठिकाणीं आलेलें होतें, व तीं ठिकाणें तशींच राहिलीं होतीं. तीं शोधतां शोधतां आमचा तास संपला.

ज्या पालकांना हा विषय परका आहे त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. हल्लींच्या ज्या भाषांना ऑब्जेक्ट-ओरिएंटेड म्हणतात, त्यांत प्रत्येक वस्तु आपली माहिती व आपल्या कृति आपल्यापाशींच बाळगते. माहितीचा एकेक खण म्हणजे फील्ड, आणि एकेक कृति म्हणजे मेथड. प्रोग्राम मोठा झाला म्हणजे अमुक मेथड कोठकोठून बोलाविली जाते, अमुक फील्ड कोठें नुसतें वाचलें जातें व कोठें त्यांतील मजकूर बदलला जातो, हें जाणल्यावांचून त्यास हात लावणें धोक्याचें असतें. नुसतीं अक्षरें जुळवून हा शोध पुरा होत नाहीं. कारण एकच नांव दोन निरनिराळ्या वस्तूंच्या खणांस असूं शकतें, जसे एका गांवांत दोन गोविंद असावेत. म्हणून प्रत्येक उल्लेख कोणत्या खणाकडे बोट दाखवितो तें ओळखावें लागतें. आज हें काम साधनें पळांत करितात. परंतु ज्या काळीं असें यंत्र जगांत कोठेंही नव्हतें, त्या काळीं एका बाईनें हीच तपासणी कागदावर, शिसपेनीनें, ओळीनें केली होती. त्या बाईंचें चरित्र आम्ही येथें सांगणार आहों.

ॲडाचा जन्म लंडन शहरीं १० डिसेंबर १८१५ रोजीं झाला. तिचा पिता प्रसिद्ध इंग्रज कवि लॉर्ड बायरन, व माता ॲनाबेला. हा विवाह सुखाचा झाला नाहीं. मुलगी महिन्याची असतांनाच आई तिला घेऊन माहेरीं गेली, बायरन १८१६ त देश सोडून निघून गेला, आणि १८२४ त ग्रीस देशांत वारला. बापलेकींची पुन्हां भेट अशी झालीच नाहीं. आईस स्वतःला गणिताची गोडी होती. शिवाय बापाचा लहरी स्वभाव मुलींत उतरूं नये अशी तिला धास्ती होती. तेव्हां मुलीस लहानपणापासून घरीं शिक्षक ठेवून गणित शिकविण्यांत आलें. या उपायानें कल्पनाशक्ति दडपली जाईल असें आईस वाटलें असल्यास तो अंदाज चुकला. बाराव्या वर्षीं ॲडा पक्ष्यांच्या पंखांचीं मापें घेऊन उडणारें यंत्र कसें करावें याचे आराखडे काढीत बसली होती!

१८२९ त तिला गोंवर आला, व त्यानंतर पाय लुळे पडून ती फार दिवस अंथरुणास खिळली. पुढें कुबड्या घेऊन ती हळूहळू चालूं लागली. प्रकृतीची ही कटकट तिच्यामागें जन्मभर राहिली.

१८३३ च्या जून महिन्यांत, वय सतरा वर्षांचें असतां, तिची व चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाची गांठ पडली. त्यांच्या घरीं एका अपुऱ्या यंत्राचा भाग मांडून ठेविलेला असे. दांत्यांच्या पितळी चाकांचें तें यंत्र नुसत्या बेरजांच्या जोरावर मोठमोठीं गणिती कोष्टकें करावयाचें होतें. येणारे जाणारे पाहुणे त्याकडे खेळणें म्हणून पाहत. ॲडानें मात्र तें कसें चालतें तें समजून घेतलें. मेरी सोमरव्हिल या विदुषींचाही तिला या सुमारास आधार मिळाला.

पुढें बॅबेज यांच्या मनांत याहून फार मोठें यंत्र आलें. त्याचे दोन मुख्य भाग. एक कोठार, त्यांत आंकड्यांच्या चाकांचे खांब उभे. प्रत्येक खांबावर एक संख्या राहावयाची. दुसरा भाग चक्की. तेथें बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार व्हावयाचे. कोठारांतून दाणे काढावे, चक्कींत दळावे व पीठ पुन्हां कोठारांत ठेवावें, असा तो प्रकार. कोणत्या खांबावरील संख्या घ्यावी, तिचें काय करावें व उत्तर कोणत्या खांबावर ठेवावें, हें भोंकें पाडलेल्या पत्त्यांनीं सांगावयाचें. असे पत्ते फ्रान्सांत जॅकार्डच्या मागावर रेशमी कापडांत वेलबुट्टी विणण्यासाठीं चालू होतेच. हें यंत्र बॅबेज यांच्या हयातींत झालें नाहीं. नकाशे झाले, नमुन्याचे कांहीं भाग झाले, सरकारशीं वाद झाले. यंत्र झालें नाहीं.

१८३५ त ॲडाचा विवाह विल्यम किंग यांच्याशीं झाला. १८३८ त त्यांना अर्ल ऑफ लव्हलेस हा किताब मिळाला व ती लेडी लव्हलेस झाली. येथून पुढें आम्ही त्यांना बाई म्हणूं. तीन मुलें झाल्यावर बाईंनीं गणिताचा अभ्यास पुन्हां हातीं घेतला, आणि तोही पत्रांच्या द्वारें, ऑगस्टस द मॉर्गन यांच्याजवळ. हे द मॉर्गन आपल्याच देशांत मदुरा येथें १८०६ त जन्मलेले. दिल्लीचे शिक्षक रामचंद्र यांचा गणितावरील ग्रंथ १८५९ त लंडनमध्यें पुन्हां छापवून आणणारे गृहस्थही तेच. गुरूंच्या पत्रांवरून व शिष्येच्या प्रश्नांवरून एक गोष्ट दिसून येते. बाईंना समजलें नाहीं तें समजलें असें म्हणण्याची संवय नव्हती. एखादी पायरी अडली कीं त्या तेथेंच बसत.

१८४० त बॅबेज यांनीं इटलींत ट्यूरिन येथें आपल्या यंत्राविषयीं व्याख्यानें दिलीं. त्यांवरून लुइजी मेनाब्रेआ या तरुण अधिकाऱ्यानें (हेच पुढें इटलीचे मुख्य प्रधान झाले) फ्रेंच भाषेंत एक निबंध लिहून १८४२ त प्रसिद्ध केला. बाईंनीं त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. तें पाहून बॅबेज यांनीं त्यांना स्वतःच्या टिपा जोडण्यास सुचविलें, आणि १८४३ चा सारा उन्हाळा त्या कामांत गेला. टिपा सात झाल्या व मूळ निबंधाच्या दुपटीहून अधिक लांब झाल्या. खालीं नांव नाहीं. केवळ तीन आद्याक्षरें.

शेवटच्या टिपेंत बर्नोली यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या संख्या या यंत्रानें कशा काढाव्या याचें एक मोठें कोष्टक आहे. मेनाब्रेआ यांच्या निबंधांतही अशा जातीचीं लहान कोष्टकें होतीं. पण इतकें लांबलचक व इतकें काटेकोर कोष्टक त्यापूर्वीं छापून निघालें नव्हतें. त्यांत कृति पंचवीस. प्रत्येक ओळींत कृतीचा अनुक्रम, तिचा प्रकार, ती ज्या खांबांवर करावयाची ते खांब, उत्तर ज्यांवर मांडावयाचें ते खांब, मग कोणत्या खांबाचा मजकूर बदलला व कोणाचा जसाचा तसा राहिला याची वेगळी नोंद, आणि शेवटीं निष्पत्ति. एवढेंच नव्हे. एकाच खांबावर एकामागून एक निरनिराळ्या संख्या येतात, म्हणून प्रत्येक खांबाच्या नांवाच्या डाव्या खांद्यावर एक बारीक आंकडा घातलेला आहे: ही त्या खांबावरची पहिली संख्या, ही दुसरी, ही तिसरी.

वाचकांनीं पहिल्या तीन ओळी आमच्याबरोबर वाचाव्या. पहिल्या खांबावर १, दुसऱ्यावर २ व तिसऱ्यावर ४ आहेत असें धरूं. पहिली कृति : दुसरा व तिसरा खांब यांचा गुणाकार करून ८ हें उत्तर चौथ्या, पांचव्या व सहाव्या अशा तीन खांबांवर मांडावयाचें, दुसरा व तिसरा नुसते वाचले गेले, त्यांत बदल नाहीं. दुसरी कृति : चौथ्यांतून पहिला वजा, चौथ्यावर आतां ७, म्हणून त्याच्या खांद्यावरील आंकडा एकाचा दोन झाला. तिसरी कृति : पांचव्यांत पहिला मिळविला, पांचव्यावर ९, व त्याचाही खांदा बदलला. आमच्या नववीच्या विद्यार्थ्यास ज्याची गरज होती तें हेंच नव्हे काय? प्रत्येक खण कोठें वाचला गेला, कोठें लिहिला गेला, आणि अमुक क्षणीं त्यांत कितवा मजकूर आहे!

हें कोष्टक सुखासुखीं झालें नाहीं. जुलै महिन्यांत बाई आजारी असतांही त्यांवर बसून होत्या. त्यांनीं शिसपेनीनें लिहावें व त्यांच्या यजमानांनीं तें शाईनें गिरवावें, असा क्रम चालला होता. मजकुराच्या घड्या बॅबेज यांच्याकडे जात येत, त्यांत कागद इकडचे तिकडे होत व बाईंचा संताप होई. या संख्यांसाठीं लागणारी बीजगणिताची मांडणी आपण करून दिली असें बॅबेज यांनीं पुढें आत्मवृत्तांत लिहिलें आहे. पण त्या मांडणींत आपल्या हातून झालेली एक मोठी चूक बाईंनीं पकडली व कागद परत धाडला, हेंही त्यांनीं तेथेंच कबूल केलें आहे. यावरून कोष्टकाचें श्रेय कोणाचें किती, याविषयीं विद्वानांत आजही वाद आहे. आमच्या मतें यंत्र बॅबेज यांचें, यांत शंका नाहीं; परंतु दुसऱ्याच्या लेखनांतील चूक जो शोधून काढतो त्यास तें लेखन समजलेलें नव्हतें असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. निबंध छापून निघण्याच्या वेळीं बॅबेज यांनीं सरकारवर टीका करणारा एक निनांवी मजकूर त्यास जोडण्याचा आग्रह धरला. बाईंनीं तो साफ नाकारला. मैत्री मात्र टिकली.

आणि तरीही कोष्टकांत एक चूक राहिली. चौथ्या कृतींत भागाकार आहे. निष्पत्तीच्या रकान्यांत ७ भागिले ९ हें उत्तर येईल असें लिहिलें आहे. पण ज्यांवर कृति करावयाची त्या रकान्यांत पांचवा खांब भागिले चौथा, म्हणजे ९ भागिले ७, असें छापलें आहे. यंत्र असतें तर त्यानें निष्पत्ति वाचली नसती. जे खांब सांगितले तेच घेतले असते, व पुढील सर्व उत्तरें बिघडलीं असतीं. ही चूक बाईंची कीं छापखान्याची, याचा निकाल लागण्याजोगा नाहीं. ती सांपडते मात्र त्यांनींच घातलेल्या रकान्यांमुळें. नुसतीं उत्तरें छापलीं असतीं तर कोणास कळलें असतें?

पुढील वर्षें दुःखाचीं गेलीं. असें मोठें काम बाईंच्या हातून पुन्हां झालें नाहीं. घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याचा नाद जडला, कर्ज झालें, घरचे हिरे गहाण पडले, व ते आईस सोडवावे लागले. चरित्र सांगावयाचें तर ही बाजूही सांगितलीच पाहिजे. नंतर कर्करोगानें गांठलें. २७ नोव्हेंबर १८५२ रोजीं, अवघ्या छत्तिसाव्या वर्षीं, त्या वारल्या. बायरनही त्याच वयांत गेला होता. बाईंच्या इच्छेप्रमाणें हकनॉल या गांवच्या देवळांत, जन्मांत न पाहिलेल्या पित्याच्या शेजारीं त्यांना पुरण्यांत आलें.

शंभर वर्षें त्या टिपा बहुतेक विस्मृतींत होत्या. विजेवर चालणारीं गणकयंत्रें आल्यावर १९५३ त त्या इंग्लंडमध्यें एका ग्रंथांत पुन्हां छापल्या गेल्या. पुढें अमेरिकेच्या संरक्षणखात्यानें आपल्या कामासाठीं एक नवी भाषा करविली, तिला ॲडा हें नांव दिलें, व १० डिसेंबर १९८० रोजीं, म्हणजे बाईंच्या वाढदिवशीं, तिचें प्रमाणपत्रक मंजूर केलें. त्याचा क्रमांक १८१५ ठेविला. १९९५ त त्या भाषेची सुधारलेली आवृत्ति निघाली, तींत ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धत आली. ज्या भाषेंत कोणतें नांव कोठें जाहीर झालें व कोठें वापरलें गेलें याचा पुरा माग काढणारीं साधनें आहेत, त्या भाषेस हें नांव पडावें हा योग आम्हांस गोड वाटतो.

यंदा आम्ही त्या कोष्टकाच्या पहिल्या नऊ ओळी फळ्यावर जशा छापल्या आहेत तशा उतरून दिल्या, व चूक असल्याचें मुद्दाम सांगितलें नाहीं. कांहीं वेळानें मागच्या बांकावरील एका मुलीनें चौथी ओळ दाखविली. पण तिनें एक शंकाही काढली. खांब चुकले आहेत कीं निष्पत्ति चुकली आहे, हें कशावरून ठरवावें? आम्ही तिला फळ्याजवळ बोलाविलें व चौथ्या ओळीचें उत्तर ज्यावर ठेविलें तो अकरावा खांब पुढें कोठें कोठें येतो तें शोधावयास सांगितलें. तिनें बोट ठेवून पांचवी ओळ दाखविली. तेथें त्याची निमपट केली जाते. मग सहावी, तेथें तो तेराव्या खांबांतून वजा होतो. दोन्ही ठिकाणच्या निष्पत्ति ७ भागिले ९ याच धरून चालल्या आहेत. नवव्या ओळींत अकराव्या खांबावर दुसरीच संख्या येते, तेव्हां तेथें शोध थांबला. तिनें खडू घेतला आणि चौथ्या ओळींतील पांचव्याच्या जागीं चौथा व चौथ्याच्या जागीं पांचवा लिहिला.