डब्लिनकरांच्या घरी पाणी आणणारा शल्यविशारद

डब्लिनच्या ओ'कॉनेल स्ट्रीटवर स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते आणि कामगार पुढारी यांच्या पुतळ्यांसोबत सर जॉन ग्रे यांचाही पुतळा उभा आहे. ग्रे हे शल्यविशारद आणि वृत्तपत्राचे मालक. पुतळा मात्र उभारला गेला तो त्यांनी शहराला मिळवून दिलेल्या नळाच्या पाण्यासाठी.

मेयो परगण्यातील क्लेअरमॉरिस येथे १८१५ मध्ये एका प्रॉटेस्टंट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८३९ मध्ये ग्लासगो विद्यापीठाची वैद्यकाची पदवी घेऊन त्यांनी डब्लिनमध्ये रुग्णसेवा सुरू केली. परंतु दोनच वर्षांत ते 'फ्रीमन्स जर्नल' या दैनिकाचे सहमालक झाले आणि शस्त्रक्रियेपेक्षा लेखणीतच अधिक रमले. ब्रिटनशी झालेले एकीकरण रद्द करावे, या डॅनिएल ओ'कॉनेल यांच्या मागणीचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. प्रामुख्याने कॅथॉलिकांच्या असलेल्या या चळवळीत प्रॉटेस्टंट ग्रे उठून दिसत. १८४४ मध्ये कटाच्या आरोपावरून त्यांना नऊ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. उमरावांच्या सभागृहाने ती त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रद्दबातल ठरवली.

१८५२ मध्ये ते महापालिकेत आल्डरमन झाले आणि पुढे पाणीपुरवठा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १८३२ आणि १८४९ मध्ये पटकीच्या साथींनी हे शहर होरपळले होते, तरीही नागरिकांची तहान कालव्यांच्या पाण्यावरच भागत होती. ग्रे यांनी विकलोच्या डोंगरातील व्हार्ट्री नदीचे पाणी शहरात आणण्याचा ध्यास घेतला. विरोध कडवा होता. प्रकल्पाची जमीन विरोधकांनी बळकावून भाव वाढवू नयेत, म्हणून त्यांनी ती पदरच्या पैशाने विकत घेतली आणि खरेदीच्याच किमतीत महापालिकेच्या स्वाधीन केली. नगरसेवकाकडून असा व्यवहार विरळाच!

३० जून १८६३ रोजी राउंडवुडजवळ नदीचा प्रवाह बोगद्याकडे वळवण्यात आला आणि त्याच समारंभात लॉर्ड लेफ्टनंट यांनी ग्रे यांना 'सर' ही पदवी बहाल केली. एकोणीस वर्षांपूर्वी याच राजसत्तेने त्यांना कैदी केले होते.

१८६५ पासून मृत्यूपर्यंत ते किल्केनी शहराचे खासदार होते. आयर्लंडमधील प्रॉटेस्टंट चर्चचा राजाश्रय काढून घेण्याच्या लढ्यात ते आघाडीवर राहिले. १८६९ मध्ये तसा कायदा झाला. डब्लिनच्या लॉर्ड मेयरपदी निवड होऊनही १८६८ मध्ये त्यांनी ते पद नाकारले.

९ एप्रिल १८७५ रोजी इंग्लंडमधील बाथ येथे त्यांचे निधन झाले आणि डब्लिनच्या ग्लासनेव्हिन दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. टॉमस फॅरेल यांनी घडवलेला त्यांचा पुतळा १८७९ मध्ये उभा राहिला. वडिलांनी नाकारलेले लॉर्ड मेयरपद पुढच्याच वर्षी पुत्र एडमंड यांनी भूषवले.