विश्लेषण : सायकलचा सुटा भाग कुठे मिळेल? लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या दुकानापासूनचा प्रश्न

मांडव्यापासून अलिबाग, नागाव, रेवदंडा, काशीद, मुरूडपर्यंत रायगडच्या किनाऱ्यावर रुंद टायरच्या, उंच हँडलच्या क्रूझर सायकली दिसतात. खाऱ्या हवेत त्यांचे उघडे गिअर लवकर गंजतात. त्यामुळे मागच्या चाकाच्या हबमध्येच गिअर असलेली सायकल अनेकांना हवी असते. पण असा हब आणि त्याचे सुटे भाग शोधायला निघाले की गावच्या दुकानात नकारघंटा ऐकू येते. यंत्र बाहेरून येते, भाग मात्र येत नाहीत, ही अडचण महाराष्ट्राला जुनी आहे. बेळगावात सायकली विकून व्यवसाय सुरू करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांचे आयुष्य याच अडचणीतून घडत गेले.

हबमधला गिअर किनाऱ्यावर का बरा?

नेहमीच्या गिअरच्या सायकलीत मागे दातेरी चकत्यांचा जुडगा असतो आणि त्यावर चेन सरकवणारा डिरेलर खाली लटकत असतो. वाळू, खारा वारा, पावसाळ्यातला चिखल हे सारे थेट त्यावर बसते. हबच्या गिअरमध्ये हा कारभार लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या नळकांड्यात बंद असतो. मध्यभागी आसाला जखडलेले छोटे दातेरी चाक, त्याभोवती फिरणारी आणखी छोटी चाके आणि सगळ्यांना वेढणारे, आतून दाते असलेले कडे. सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी ही रचना असते. तीन गतींच्या प्रसिद्ध जुन्या हबमध्ये मधली गती थेट असते, खालची तिच्या तीन चतुर्थांश आणि वरची तिच्याहून एक तृतीयांश जास्त. सायकल उभी असतानाही गिअर बदलता येतो. चेन एकाच रेषेत राहते, त्यामुळे तिला पूर्ण झाकण घालता येते.

मात्र बंद म्हणजे जलरोधक नव्हे. भरतीच्या पाण्यातून सायकल हाकली तर आसाच्या कडेने खारे पाणी आत जाते आणि मग हब उघडून साफ करून ग्रीस भरण्यावाचून इलाज नसतो. काशीदला लाटांत सायकल घालून फोटो काढणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

लक्ष्मणराव सायकलीकडे कसे वळले?

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे झाला. शाळेत मन रमेना, हात मात्र चित्रे काढण्यात आणि यंत्रे खोलून पाहण्यात रमत. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाने चित्रकार व्हावे हे त्यांना पटण्यासारखे नव्हते. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. तिथे कळले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराची वाट तिथेच संपली. रेषेला रंग लागत नाही, म्हणून त्यांनी यंत्रांची आरेखने शिकायला घेतली आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत तोच विषय शिकवू लागले.

नोकरी चालू असतानाच सायकलीचा धंदा सुरू झाला. सायकल हे तेव्हा अगदी नवे वाहन होते. दोन्ही चाके सारख्या आकाराची आणि चेनवर चालणारी सायकल इंग्लंडमध्ये यशस्वी होऊन दोन-चार वर्षेच झाली होती. डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले तेही १८८८ मध्येच. त्याच वर्षापासून किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाची सुरुवात मानली जाते.

दोन भावांचे दुकान कसे चाले?

कामाची वाटणी सरळ होती. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेत आणि बेळगावला धाडत. रामूअण्णा तिथे त्या विकत, दुरुस्त करत. एका सायकलीला सातशे ते हजार रुपये पडत, असे सांगितले जाते. चालवायला शिकवण्याची फी होती १५ रुपये. गिऱ्हाईक अर्थातच मोजके होते : साहेब लोक, वकील, अधिकारी.

किर्लोस्करांच्या चरित्रांत हा भाग बहुधा गमतीची सुरुवात म्हणून दोन ओळींत उरकला जातो. पण या दुकानात ते जे शिकले असावेत ते पुढच्या कारखान्यात पावलोपावली दिसते. न पाहिलेले यंत्र लोकांना विकायचे तर ते वापरायला शिकवावे लागते. विकल्यावर ते मोडणार, तेव्हा दुरुस्त करणारा माणूस जवळ लागतो. आणि दुरुस्तीला लागणारा भाग विलायतेहून यायचा असेल तर बेळगावातले हुशार हातही रिकामे बसतात. छर्रे, चेन, टायर यांसाठी जहाजाची वाट पाहायची, हे त्या काळच्या सायकल दुकानाचे रोजचे जिणे होते.

१८९७ मध्ये तंत्रशिक्षण संस्थेत त्यांना डावलून दुसऱ्याला बढती मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. सायकलींबरोबर पवनचक्क्यांची एजन्सीही घेतली होती. पण विकाऊ माल दुसऱ्याचा, दुरुस्तीचे भाग दुसऱ्याचे, यात त्यांचे समाधान होईना. दुकानाशेजारी छोटी कर्मशाळा उभी राहिली. बेळगावात ज्या रस्त्यावर त्यांचे दुकान होते, त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

मग तीन गिअरचा हब त्यांनी विकला का?

तो आला तेव्हा लक्ष्मणराव दुसऱ्या वाटेला लागले होते. योगायोग असा की इंग्लंडमध्ये फ्रँक बाउडेन या गृहस्थांनी नॉटिंगहॅमची रॅले ही छोटी सायकल कंपनी ताब्यात घेतली तेही १८८८ मध्येच. हाँगकाँगमध्ये पैसा मिळवून, तब्येत बिघडवून ते परतले होते. सायकल चालवून प्रकृती सुधारली, म्हणून सायकलीचाच कारखाना घेतला. १९०२ मध्ये तीन गतींच्या हबचे पेटंट झाले आणि बाउडेन यांनी त्यामागे भांडवल उभे केले. सॅलफर्डचे विल्यम रायली यांचा त्या रचनेत मोठा वाटा होता, पण नाव लागले ते स्टर्मी आणि आर्चर या दोघांचे. पुढे जवळपास शतकभर या हबचे माहेर नॉटिंगहॅम राहिले. २००० मध्ये हा व्यवसाय तैवानच्या सनरेस कंपनीने घेतला.

बाउडेन हब बाजारात आणत होते त्याच सुमारास, १९०३ मध्ये, बेळगावच्या कर्मशाळेतून लोखंडी नांगर बाहेर पडला. त्याआधी कडबा कापण्याचे यंत्र झाले होते. सायकलीला मोजकेच गिऱ्हाईक होते, नांगराला सगळा मुलूख होता. तरीही नांगर खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत पक्की होती. दोन वर्षे माल पडून राहिला. लक्ष्मणराव शेतावर जाऊन नांगर चालवून दाखवत राहिले. सायकल शिकवण्याचे १५ रुपये मिळत होते, नांगर शिकवण्याचे कोण देणार! नांगराचा फाळ झिजतो, तो बदलावाच लागतो. विलायती नांगर घेतलेल्या शेतकऱ्याला नवा फाळ समुद्रापलीकडून आणावा लागे, देशी नांगराचा फाळ रेल्वेच्या अंतरावर होता. किमतीइतकाच हा फरक शेतकऱ्याला कळला असणार, असे मानायला जागा आहे.

बेळगाव का सोडले?

नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा हवी होती. बस्तान हलवणे भाग पडले. औंध संस्थानात एक बांधकाम त्यांच्याकडे आले होते आणि तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांना जवळून ओळखत. राजांनी कुंडल रोड स्टेशनालगतची ३२ एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. जमीन म्हणजे निवडुंग, दगड आणि साप. १९१० मध्ये लक्ष्मणराव कुटुंब आणि मोजके कामगार घेऊन तिथे उतरले. आज ते ठिकाण सांगली जिल्ह्यात आहे आणि स्टेशनचे नावच किर्लोस्करवाडी आहे.

वाडीत घरे, शाळा, पाणी हे सारे कारखान्याबरोबरच उभे करावे लागले. हिशेबाला मंगेशराव रेगे, यंत्रांना शंभूराव जांभेकर, गावाच्या व्यवस्थेला रामूअण्णा अशी माणसे होती. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रखवालीचे काम दिले, अस्पृश्यतेला वाडीत थारा दिला नाही.

पहिल्या महायुद्धात काय घडले?

सुट्या भागांचा प्रश्न इथे कच्च्या मालाचा झाला. १९१४ नंतर विलायती नांगर यायचे थांबले, किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. पण लोखंड, कोळसा आणि रंगही मिळेनासा झाला. भट्टीसाठी लाकडी कोळशावर प्रयोग झाले. लोखंडासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. ज्या जमिनीवर या तोफा कधी काळी डागल्या गेल्या असतील, तीच जमीन त्या लोखंडाने नांगरली गेली.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक सुरू केले. त्याचेच पुढे नामवंत ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप आले. मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून शिकून १९२६ मध्ये परतला आणि पुढची सूत्रे हळूहळू त्याच्याकडे गेली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

सायकलीचा कारखाना मात्र त्यांनी काढला नाही. ते काम पुढे इतरांनी केले. स्वातंत्र्यानंतर आसनसोलजवळ सेन-रॅले आली, लुधियाना हे सायकलीचे केंद्र झाले. पण देशात खपली ती एका गतीची, दणकट, काळी सायकल. हबच्या गिअरला मोठे गिऱ्हाईक नव्हते, म्हणून त्याचे भाग गल्लीतल्या दुकानापर्यंत कधी झिरपलेच नाहीत.

आज असा हब हवा असेल तर काय पाहावे?

नवा हब म्हणजे बहुधा शिमानो नेक्सस किंवा तैवानचा स्टर्मी-आर्चर. पैसे देण्याआधी दोन मापे घ्यावीत. पहिले, मागचे चाक ज्या दोन खाचांत बसते त्यांमधले आतले अंतर. साध्या क्रूझरला ते ११० मिलिमीटरच्या आसपास असते, तर नेक्ससच्या तीन गतींच्या हबला १२० आणि सात गतींच्या हबला १३० मिलिमीटर लागते. लोखंडी फ्रेम जाणकार कारागीर थोडी फाकवू शकतो, अॅल्युमिनियमची फाकवू नये, ती तडकते. दुसरे, रिमची भोके. क्रूझरच्या २६ इंची रिमला बहुधा ३६ असतात, आपल्या काळ्या सायकलीच्या मागच्या रिमला ४०. जुने स्टर्मी-आर्चर हबही बऱ्याचदा ४० भोकांचे, त्यामुळे ते काळ्या सायकलीच्या रिममध्ये सहज बसतात. हबबरोबर गिअर बदलण्याचा खटका, केबल आणि आस जागचा फिरू नये म्हणून लावायच्या खास वॉशर आहेत का, हे विचारून घ्यावे. हब मिळतो आणि वॉशरवाचून काम अडते. ब्रेक हबमध्येच आहे की वेगळा लावायचा, हेही आधीच ठरवावे.

जुना हब दुरुस्त करायचा असेल तर छर्रे आणि स्पोक अलिबागलाही मिळतील. आतली चाके, खिट्ट्या आणि आसाबाहेर लोंबणारी छोटी साखळी यांसाठी मुंबईत काळबादेवीची सायकल दुकाने किंवा जुन्या सायकलींचे शौकीन गाठावे लागतात. आसाच्या जुन्या नटाचे आटेही वेगळे असतात, साधा नट जोर करून बसवला तर आस कामातून जातो. जुन्या स्टर्मी-आर्चरच्या पाठीवर मॉडेलची अक्षरे आणि बहुधा वर्ष-महिन्याचे आकडे कोरलेले असतात. चिंधीने गंज पुसून त्यांचा स्वच्छ फोटो काढावा आणि दुकानदाराला आधी मोबाइलवर पाठवावा. भाऊच्या धक्क्याची एक फेरी तरी वाचेल.