सर अल्बर्ट हॉवर्ड

आषाढाची झड लागून गेली की कुंपणाच्या कडेला, कुजक्या लाकडावर, शेणाच्या ढिगावर रातोरात छत्र्या उगवतात. मुलांनो, ही छत्री खाण्याची की विषारी, हा प्रश्न तुम्हांला पडतोच. आम्हां कोकणी माणसांच्या घरी अळमी मोठ्या आवडीने खातात, परंतु तीही जाणत्याने पारखून दिलेलीच. रंगरूपावरून फसगत होते आणि ती जिवावर बेतते. तेव्हा अनोळखी छत्री तोंडात घालू नये. शिवाय छत्री हे केवळ फळ होय. खरी बुरशी खाली, पांढऱ्या सुतासारख्या तंतूंच्या रूपाने पसरलेली असते. या तंतूंना प्रथम शत्रू म्हणून ओळखणारा आणि पुढे त्यांच्यातील मित्रही ओळखणारा एक शास्त्रज्ञ आपल्या इंदुरात सात वर्षे राहून गेला.

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म 1873 साली इंग्लंडमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिजचे शिक्षण संपवून 1899 मध्ये ते वेस्ट इंडीज बेटांत बुरशीतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. उसावरील व कोकोवरील रोगांची बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखावयाची, हे त्यांचे काम. परंतु रोगाचे नाव सांगून शेतकऱ्याचे पीक वाचत नव्हते, आणि सुचविलेला उपाय स्वतः करून पाहावयास हॉवर्डांपाशी वीतभर जमीन नव्हती. ही बोच त्यांच्या मनात कायमची राहिली.

ती जमीन त्यांना हिंदुस्थानात मिळाली. 1905 साली ते बिहारमधील पुसा येथे आले. पत्नी गॅब्रिएल या स्वतः नाणावलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून गव्हाच्या सुधारित जाती तयार केल्या. 1924 साली होळकर दरबारने दिलेल्या तीनशे एकरांवर इंदूरची संस्था उभी राहिली व हॉवर्ड तिचे संचालक झाले.

येथे त्यांनी काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्रमाती आणि राख यांचे थर खड्ड्यांत रचले. ढीग चांगलाच तापे, थोड्याच दिवसांत बुरशीने करडा-पांढरा दिसू लागे. मग जिवाणूंची पाळी येई. वेळोवेळी उलथापालथ केली की तीन महिन्यांत काळे भुसभुशीत खत हाती येई. ज्या बुरशीला रोगकारक म्हणून हुडकले, तिचीच भावंडे येथे राबत होती! या कामात त्यांचे सहकारी यशवंत वाड हे रसायनशास्त्रज्ञ होते. 1931 साली दोघांच्या नावाने पुस्तक निघाले आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. ते पाहावयास गॅब्रिएल मात्र नव्हत्या. 1930 मध्येच त्या निवर्तल्या होत्या.

निवृत्तीनंतर हॉवर्डांनी चहाच्या मळ्यांत हिंडून मुळे तपासली. मुळांत शिरलेली बुरशी झाडाला अन्न पुरविते, हे त्यांनी आग्रहाने मांडले. अनेक शास्त्रज्ञांनी त्यांना वेड्यात काढले. उत्तम खत असल्यास रोग उरतच नाही, हा त्यांचा दावा अतिरेकी होता, असे मलाही वाटते. परंतु बहुतेक वनस्पतींच्या मुळांशी बुरशीचा असा सहवास असतो, हे आज सर्वमान्य आहे.

20 ऑक्टोबर 1947 रोजी हॉवर्ड वारले. त्यांच्या संस्थेच्या जागी आज इंदूरचे कृषी महाविद्यालय आहे.