आचार्य सत्येंद्रनाथ बसू

सत्येंद्रनाथ बसू ह्यांचा जन्म कलकत्ता येथें ता. १ जानेवारी १८९४ रोजीं झाला. १९१५ सालीं एम्. एस्सी.च्या परीक्षेंत ते पहिले व त्यांचे स्नेही मेघनाद साहा दुसरे आले. ह्या दोघांनीं आइन्स्टाइन ह्यांचे सापेक्षतेवरील निबंध जर्मनमधून इंग्रजींत उतरविले.

१९२१ मध्यें बसू डाक्का विद्यापीठांत रुजू झाले. तेथें प्लांक ह्यांचा उष्णकिरणांचा नियम शिकवितांना त्याची सिद्धता त्यांच्या मनास पटेना. तींत जुन्या व नव्या कल्पनांची सरमिसळ होती. त्यांनीं प्रकाशाचे कण परस्परांपासून ओळखतांच येत नाहींत असें धरून केवळ मोजणीनें तो नियम सिद्ध केला. वाचकांनीं दोन नाणीं उडवून पाहावीं: छापा-कांट्याचे प्रकार चार होतात, परंतु नाणीं सर्वस्वीं अभिन्न मानलीं तर तीनच उरतात. गोष्ट एवढीशीच, पण तिनें पदार्थविज्ञानास नवी दिशा दिली.

विलायतेंतील एका मासिकाकडे धाडिलेला हा निबंध छापला गेला नाहीं. तेव्हां जून १९२४ मध्यें ह्या तीस वर्षांच्या अपरिचित शिक्षकानें तो थेट आइन्स्टाइन ह्यांसच पाठविला. केवढें हें धाडस! त्या थोर पुरुषानें स्वतः जर्मन भाषांतर करून तो प्रसिद्ध करविला. पुढें बसू पॅरिस व बर्लिन येथें राहून १९२६ मध्यें परतले आणि डॉक्टरची पदवी नसतांही प्रोफेसर झाले.

नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें नाहीं. १९४८ सालीं त्यांनीं बंगालींतून विज्ञानप्रसार करणारी परिषद स्थापिली. फावल्या वेळीं ते इसराज वाजवीत. ता. ४ फेब्रुवारी १९७४ रोजीं कलकत्त्यास त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या नियमानें वागणाऱ्या कणांस डिरॅक ह्यांनीं दिलेलें ‘बोसॉन’ हें नांव आज जगभर रूढ आहे.